दार उघडायचं की नाही?

व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्याच्या कादंबरीमुळे व्हॅम्पायर जगभर पोचला, त्या ब्रॅम स्टोकरला मात्र ते ठाऊक नव्हतं. त्याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त काउंट लंडनच्या पिकॅडिलीत चक्क दिवसाउजेडी दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात, एवढंच. त्याचा शेवटही उन्हाने होत नाही. सूर्य मावळता मावळता एक जण त्याच्या गळ्यावर कुकरी चालवतो, दुसरा काळजात सुरा खुपसतो आणि त्याचा देह धुळीला मिळतो. होय, कुकरीच, आपल्या गुरख्यांची.

मग हे ऊन आलं कुठून? ते आलं १९२२ साली, बर्लिनमध्ये, एका चोरलेल्या सिनेमातून. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या दिग्दर्शकाने ‘प्राना’ नावाच्या नव्या कंपनीसाठी ‘नॉसफेराटू’ केला. कादंबरीचे हक्क कुणी घेतलेच नव्हते. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, हार्करचा हुटर, मीनाची एलेन आणि लंडनच्या जागी व्हिसबोर्ग नावाचं जर्मन गाव आलं. गंमत अशी, की नावं बदलण्याची एवढी खटपट करून श्रेयनामावलीत मात्र स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख तसाच ठेवला होता. स्टोकर १९१२ मध्येच वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली. कंपनीचं दिवाळं वाजलेलं, तिथून पैसा निघणं शक्य नव्हतं. अखेर १९२५ मध्ये सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती तोवर इकडेतिकडे पांगल्या होत्या, त्यामुळेच आज आपल्याला हा सिनेमा पाहता येतो.

मुर्नाऊपुढची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांत भयकथेवर सिनेमा करणाऱ्या प्रत्येकापुढे तीच उभी राहिली आहे. स्टोकरची कादंबरी पत्रं, रोजनिशा आणि वर्तमानपत्रांतल्या कात्रणांची बनलेली आहे. काउंट त्यात फार थोडा वेळ समोर येतो. बाकीचा वेळ माणसं त्याच्याविषयी लिहीत असतात. कागदावर हे झकास चालतं. लेखक ‘काहीतरी होतं’ म्हणून सुटू शकतो, उरलेलं वाचक आपल्या डोक्यातल्या अडगळीतून भरून काढतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला काहीतरी दाखवावंच लागतं, आणि दाखवलं की भीती एका ठरावीक आकारात अडकून पडते.

मुर्नाऊने दाखवली ती सावली. पिशाच जिना चढतं तेव्हा भिंतीवर फक्त त्याची लांबलचक बोटं आणि कुबड सरकत जातं. पुढे त्याच हाताची सावली एलेनच्या छातीवर येते, मूठ आवळते आणि ती कळवळते. पुस्तकात यातलं काही नाही. हा सावलीचा खेळ असल्यामुळे त्याचा शेवटही उजेडानेच व्हावा, हे ओघानेच आलं. एलेन पिशाचाला पहाटेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते, कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं आणि ऑर्लोक विरघळून जातो. पुढे १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’त पीटर कुशिंग पडदा ओढून ऊन आत घेतो आणि ख्रिस्तोफर ली राख होतो, तोवर हा जणू निसर्गनियमच झाला होता. खरं तर ‘नॉसफेराटू’मधली रात्रीची दृश्यंही दिवसाच चित्रित झाली होती, मूळ प्रतींत ती निळ्या रंगात बुडवलेली असत. पुढे निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रती फिरू लागल्या. त्यांत उन्हाला भिणारा हा ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उजेडात गावभर हिंडताना दिसतो.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चं (१८१८) तर सिनेमाने इतकं काही बदललं, की आज मूळ कादंबरी हाती घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. विजेच्या ठिणग्या उडवणारी प्रयोगशाळा? कादंबरीत मृतदेहात जीव नेमका कसा आला ते सांगितलेलंच नाही. कुबडा मदतनीस? तोही नाही. मानेतले खिळे आणि सपाट डोकं ही जॅक पिअर्स या रंगभूषाकाराची करामत. १९३१ साली युनिव्हर्सल कंपनीसाठी जेम्स व्हेलने केलेल्या सिनेमात बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर ती चढली. त्या चेहऱ्यावर युनिव्हर्सलने असा हक्क सांगितला, की हॅमरने १९५७ मध्ये याच कादंबरीवर सिनेमा काढला तेव्हा त्यांना निराळा चेहरा घडवावा लागला. म्हणजे कादंबरी सगळ्यांची, तोंड मात्र एका कंपनीचं.

शेलीचा राक्षस वाचन करतो, मिल्टनचं महाकाव्य समजून घेतो आणि आपल्या निर्मात्याशी एखाद्या वकिलासारखा वाद घालतो. व्हेलने त्याला जवळपास मुका करून टाकलं. मला हा बदल आवडत नाही, पण त्यातून निघालेलं एक दृश्य विसरताही येत नाही. तळ्याकाठी मारिया नावाची चिमुरडी राक्षसासोबत पाण्यात फुलं सोडते आहे. फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो हसत हसत पोरीलाच उचलतो आणि पाण्यात टाकतो. फुलासारखी तीही तरंगेल असं त्याला वाटतं. सेन्सॉरच्या कात्रीने पोरीला पाण्यात टाकण्याचा भाग उडवला. उरलं ते असं: राक्षसाचे हात मुलीकडे जातात आणि नंतर थेट तिचा बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधे काय झालं असेल, याचा प्रेक्षकाने लावलेला तर्क चित्रित झालेल्या घटनेपेक्षा कितीतरी भयंकर होता. भोळेपणातून झालेली चूक कात्रीने विकृतीच्या गुन्ह्यात बदलून टाकली. अनेक वर्षांनी तो तुकडा सिनेमात परत जोडला गेला. कादंबरीत हे सगळं अगदी उलट आहे: तिथे राक्षस नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि बक्षीस म्हणून गोळी खातो.

दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं अधिक घाबरवतं, हे सेन्सॉरने अजाणता सिद्ध केलं. हॉलिवूडमधल्या काही शहाण्यांनी तेच जाणूनबुजून केलं. व्हॅल ल्यूटन हा निर्माता १९४० च्या दशकात आरकेओ स्टुडिओत तुटपुंज्या पैशांत भयपट काढायचा. राक्षसाच्या पोशाखाला पैसे नसत, म्हणून अंधार आणि आवाज यांवर भागवायचं. त्याच्या हाताखाली रॉबर्ट वाइज तयार झाला, आणि या वाइजने १९६३ मध्ये शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीवर ‘द हाँटिंग’ केला. पडद्यावर भूत अजिबात न दाखवता भुताचा सिनेमा कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. एलेनर आणि थिओ या दोघी त्या झपाटलेल्या घरात एका खोलीत झोपल्या आहेत. मध्यरात्री भिंतीपलीकडून पुटपुटण्याचा आवाज येतो, मधूनच लहान मूल रडल्यासारखं काहीतरी. अंधारात एलेनर थिओचा हात घट्ट धरून ठेवते. कॅमेरा या वेळात कुठे असतो? भिंतीवर. तिथल्या वेलबुट्टीच्या नक्षीकडे तो टक लावून बघत राहतो, आणि हळूहळू त्या पानाफुलांतून डोळे, नाक, वासलेलं तोंड दिसू लागतं. खरं तर तिथे काहीच नाही, नुसती नक्षी आहे. एलेनर ओरडते, दिवा लागतो. थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग इतका वेळ हातात हात कुणाचा होता? हा धक्का जॅक्सनचाच, कादंबरीतलाच. पण वाचकाने कादंबरीत तो हात ‘वाचला’ होता. वाइजने प्रेक्षकाला त्या भिंतीतला चेहरा स्वतःच तयार करायला लावलं.

याच सिनेमात एक बंद दार आतल्या बाजूला फुगतं, श्वास घेतल्यासारखं. युक्ती साधी होती: लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं दार आणि पलीकडून रेटा देणारा एक दणकट माणूस. या दारावरून पुढे मोठा वाद झाला. स्टीफन किंगने १९८१ मध्ये भयकथांवर ‘डान्स मकाब्र’ हे पुस्तक लिहिलं. त्यात मांडलेला मुद्दा असा: बंद दारामागे काय आहे ते कळत नाही तोवरच खरी भीती. दार उघडलं आणि समोर दहा फुटी किडा दिसला की प्रेक्षक किंचाळतो, पण मनात हुश्श करतो, कारण तो शंभर फुटीही असू शकला असता. हे मान्य करूनही किंग म्हणतो, की आपण मात्र दार उघडणाऱ्यांतले. कधीच न उघडणं म्हणजे सामना बरोबरीत सोडवण्यासाठी खेळणं. मला हा आरोप वाइजच्या बाबतीत अन्यायाचा वाटतो. त्याच कादंबरीवर १९९९ मध्ये यान द बाँटने संगणकाच्या जोरावर पुन्हा सिनेमा केला. त्यात झाडून सगळी दारं उघडली, पुतळे हलवले, छत वाकवलं, आणि समीक्षकांनी त्याची यथेच्छ टर उडवली.

तरीही किंगचा मुद्दा निकालात निघत नाही. काही दिग्दर्शकांनी दार उघडलं आणि ते जिंकले. कसे, हे पाहण्यासारखं आहे.

रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ (१९५९) या कादंबरीत न्हाणीघरातला खून चार-दोन ओळींत उरकतो. कादंबरीतला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, स्थूल, टक्कल पडू लागलेला गृहस्थ आहे. बघताक्षणी संशय यावा असा. आल्फ्रेड हिचकॉकने स्वतःचं नाव पुढे न करता हक्क ९,००० डॉलरला उचलले आणि बेट्सच्या भूमिकेत अँथनी पर्किन्स हा सडपातळ, लाजरा, देखणा तरुण घेतला. पैसा हात राखून खर्च करायचा होता, म्हणून आपल्या टीव्ही मालिकेचेच तंत्रज्ञ हाताशी धरून काळ्या-पांढऱ्यात सिनेमा केला. पण त्या चार-दोन ओळींसाठी त्याने सात दिवस चित्रीकरण केलं. पडद्यावर ते दृश्य मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. सुरी, हात, तोंड, पाण्याची फवारणी, मोरीकडे जाणारं पाणी यांचे इतके बारीक तुकडे एकामागून एक येतात, की सुरी अंगात घुसताना पाहिल्याची शपथ प्रेक्षक घेतो. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप होतं आणि सुरीचा आवाज खरबूज भोसकून काढलेला. हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमनने तरीही फक्त तंतुवाद्यांवर ती किंचाळणारी धून रचली, आणि हिचकॉकने ती ऐकून आपला हट्ट सोडला. म्हणजे दार उघडलं, पण पलीकडे जे दिसतं ते संकलनाच्या टेबलावर तयार झालेलं. नंतरच्या शेकडो सिनेमांनी ‘सायको’कडून सुरी उचलली, कातरकाम शिकले ते फार थोडे.

‘द एक्झॉर्सिस्ट’ने (१९७३) ध्वनीची वाट धरली. विल्यम पीटर ब्लॅटीने आपल्याच कादंबरीची पटकथा केली, दिग्दर्शन विल्यम फ्रीडकिनचं. मुलीच्या शयनगृहाचा सेट यंत्रांनी असा गारठवला होता, की नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. पण तो सिनेमा डोळे मिटून ऐकला तरी पुरे. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून मर्सिडीज मॅककेंब्रिज या अनुभवी अभिनेत्रीचा घोगरा, खरवडलेला आवाज येतो. आधी तिचं नावही श्रेयनामावलीत नव्हतं. ते तिने भांडून मिळवलं. ऑस्करची दहा नामांकनं आणि त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही, असं भयपटाच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. जिंकले ते दोन पुरस्कार: एक रूपांतरित पटकथेचा, दुसरा अर्थात ध्वनीचा.

किंगच्या पुस्तकांवरचे सिनेमे मोजत बसण्यात अर्थ नाही, ते फार आहेत. दोन पुरेत. त्याची पहिली कादंबरी ‘कॅरी’ (१९७४) बरीचशी चौकशी अहवाल, बातम्या आणि साक्षी यांतून उलगडते. ब्रायन द पाल्माने १९७६ च्या सिनेमात ते सगळं वगळलं आणि शेवटी स्वतःची भर घातली: सगळं शांत झाल्यावर कॅरीच्या थडग्यातून एक रक्ताळलेला हात बाहेर येतो आणि फुलं ठेवणाऱ्या मैत्रिणीचं मनगट पकडतो. हात कॅरीची भूमिका करणाऱ्या खुद्द सिसी स्पेसेकचा; दुसऱ्या कुणाचा वापरू नका म्हणून ती स्वतः मातीखाली गेली. मैत्रीण थडग्याकडे येते ती चाल विचित्र, तरंगल्यासारखी वाटते, कारण नटीला उलटं चालवून फिल्म उलटी फिरवली आहे. मागच्या रस्त्यावर नीट पाहिलं तर गाडी मागे मागे जाताना दिसते. तिथून पुढे भयपट संपला असं वाटल्यावर एक शेवटचा दणका द्यायचाच, असा शिरस्ता पडला.

दुसरा स्टॅन्ले कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०). किंगला तो कधीच आवडला नाही, आणि त्याची तक्रार रास्त आहे. कादंबरीत एक चांगला बाप हळूहळू वेडाकडे सरकतो. सिनेमात जॅक निकल्सन पहिल्याच दृश्यात अर्धा तिथे पोचलेला असतो. कादंबरीत झुडपं कापून केलेले प्राणी जिवंत होतात. कुब्रिकने ते काढून तिथे झुडपांचा चक्रव्यूह उभा केला. किंगने १९९७ मध्ये टीव्हीसाठी स्वतःच्या पटकथेवर मालिका करवली, ते प्राणीही आणले. कुब्रिक शहाणा का होता ते तेव्हा कळलं. सिनेमातली माझी आवडती भीती मात्र कुठल्याच भुताची नाही. त्या बापाचा छोटा मुलगा डॅनी तीनचाकी सायकलवरून, ते राहतात त्या हॉटेलच्या बोळांतून फिरतो, आणि गॅरेट ब्राऊनचा तेव्हा नवाच असलेला स्टेडिकॅम कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागोमाग जातो. लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट, गालिचा आला की एकदम शांतता, पुन्हा खडखडाट, पुन्हा शांतता. प्रत्येक शांततेला आपण पुढच्या वळणाची धास्ती घेतो.

उलट्या फिल्मची गोष्ट इथे पुरी केली पाहिजे, कारण ती ‘कॅरी’पुरती नाही. एडिसनच्या कंपनीने १९१० मध्येच ‘फ्रँकेनस्टाइन’वर जेमतेम पाव तासाचा मूकपट काढला होता. त्यात राक्षस कढईतून हळूहळू मांस चढत तयार होतो; प्रत्यक्षात पुतळा जाळून ती फिल्म उलटी चालवली होती. आणि १९९८ च्या जपानी ‘रिंगू’त ओल्या केसांनी तोंड झाकलेली सादाको विहिरीतून निघते, लडखडत पुढे येते आणि टीव्हीच्या काचेतून खोलीत उतरते, तिथेही नटीला उलटं चालवून चित्रण उलटं फिरवलं आहे. हाडं चुकीच्या दिशेने वळतात असं वाटतं ते त्यामुळेच. कोजी सुझुकीच्या १९९१ च्या कादंबरीत टीव्हीतून बाहेर येणं नाही. तिथला नायक पुरुष पत्रकार आहे, आणि भीती तर्काची आहे: शापित टेप हा जणू विषाणू, त्याला पसरायचं आहे. हिदेओ नाकाताने नायक बदलून आई केली आणि विषाणूला शरीर दिलं. काळाला उलटं चालवणं लेखकाला जमत नाही, सिनेमाला जमतं; मेलेलं परत येतं हे दाखवायला याहून सरळ उपाय तो कोणता? २००२ मध्ये अमेरिकेने ‘द रिंग’ काढला आणि लांब केसांची ती मुलगी जगभरच्या भयपटांत शिरली.

आपल्याकडे बिरेन नागच्या ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) या हिंदी सिनेमांनी इंग्रजी कादंबऱ्यांची वाट धरली. टागोरांच्या ‘क्षुधित पाषाण’वर बेतलेला गुलजारांचा ‘लेकिन’ लता मंगेशकरांनी निर्मिला, संगीत हृदयनाथांचं. मराठी सिनेमाने मात्र आपल्या घरच्या भयकथेकडे फारसं पाहिलं नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी कित्येक पिढ्यांची झोप उडवली; आपला सर्वांत लाडका भयपट ‘झपाटलेला’ (१९९३) मात्र अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून आला.

धारपांचं ऋण फेडलं ते हिंदी सिनेमाने. ‘तुंबाड’ (२०१८) चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे हा ‘थँक यू मिस्टर ग्लाड’च्या अनिल बर्व्यांचा मुलगा. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, गोष्टीचं बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची ‘ग्रामा’. भाऊ जखमी होतो, आई त्याच्यासाठी दवाखान्यात जाते आणि दुसरा मुलगा त्या भयानक म्हातारीबरोबर घरात एकटा उरतो: अमेरिकेतल्या मेन राज्यातला हा प्रसंग कोकणात किती बेमालूम बसला! किंगच्या कथेत म्हातारीच्या संदर्भात ‘हास्तुर’ हे नाव येतं. किंगला ते लव्हक्राफ्टच्या परंपरेतून मिळालं, त्याआधी रॉबर्ट चेंबर्सकडे होतं, आणि सगळ्यांच्या आधी अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत तो मेंढपाळांचा निरुपद्रवी देव होता. ‘तुंबाड’मध्ये तोच हस्तर सोन्याच्या आणि अन्नाच्या हावेपायी शापित देव झाला.

दाराच्या प्रश्नावर ‘तुंबाड’ने दोन्ही डगरींवर हात ठेवला. पहिल्या भागात आजी अंधारात, साखळदंडात, खिळ्यांनी जखडलेली. दिसते त्यापेक्षा घशातून जास्त घरघरते. पुढे विहिरीखालच्या लालभडक गर्भात मात्र सगळं उघड आहे: भिंती धडधडतात, हस्तर पुरता दिसतो. हस्तरला भुलवायला पिठाची बाहुली न्यायची असते; शेवटी बापलेक जास्त सोन्याच्या लोभाने एकाऐवजी बऱ्याच बाहुल्या आत नेतात, आणि बाहुल्या तितके हस्तर बाहेर पडतात. मला पहिला भाग अधिक घाबरवतो. पण हा शेवट केवळ डोळे दिपवायला आलेला नाही. ज्या हिशेबाने माणसं आत उतरली, तोच हिशेब हस्तर त्यांना परत करतो. पहिल्या फेरीत थिएटरात गर्दी बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला.